गिटारीचा खालचा घेर

आधी माळ्यावरची चहाची पेटी गेली. तिच्यात गोधड्या होत्या. गोधड्या तेवढ्या परत मिळाल्या. मग जुन्या बाजेचा एक सागवानी पाय गेला आणि उरलेली बाज तीन पायांवर उभी राहायला तयार होईना, म्हणून तिच्या चौथ्या कोपऱ्याखाली दळायचे दगडी जाते सरकवण्यात आले. त्यानंतर आरशापुढची शिंगाची फणी गेली. आणि भर श्रावणात, बाहेर पाऊस धरलेला असताना, छत्री गेली. तेव्हा मात्र प्रेमिलाने पाटीवर खडूने यादीच लिहायला घेतली.

"आहो, छत्री कुठी हाये?"

"हाये नं."

"कुठी?"

रविंद्रने खुंटीकडे बोट दाखवले. छत्रीचे काळे कापड तिथे वटवाघळासारखे लोंबत होते. काड्या नव्हत्या.

"काड्या पाहिजे होत्या," रविंद्र म्हणाला. "गिटारीचे परदे करून राहिलो त्याचे. त्याच्यावर बोटं ठेवा लागते."

"म्हंजे मी पाण्यात भिजत जाऊ, अन् तुमची गिटार परद्यात राहीन!"

बायकोचे म्हणणे खरे असले, की नवरा हातातल्या वस्तूकडे बारकाईने पाहतो. रविंद्रने शिंगाच्या फणीकडे पाहिले आणि तार छेडायची नखी करायला तिचा एक दात घासायला सुरुवात केली.

रविंद्रचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याला मान वर करायला वेळ नसे. पंखे जळत, कूलरचे पंप बसत, आणि मोठमोठी माणसे त्याच्या फळकुटावर लहान तोंड करून बसत. पण श्रावणात कोणाचा पंखा जळत नाही. त्र्याहत्तर सालच्या त्या श्रावणात तर त्याच्याकडे एकच पंखा पडून होता, तोही शेजारच्या इंदूबाईंचा, दुरुस्त होऊन दोन महिने झालेला. इंदूबाई तो न्यायला रोज येत आणि गप्पा मारून रिकाम्या हाताने परत जात. पंखा नेला असता तर उद्या यायला कारण काय उरले असते?

दुकानाबाहेर रविंद्रची ओळख दुसरी होती. भैय्याजींच्या ऑर्केस्ट्रात तो अकरा वर्षे बुलबुलतरंग वाजवत होता. लोक त्या वाद्याला बेंजो म्हणत. मोहल्ल्याच्या गणपतीत तिसऱ्या दिवशी भैय्याजींचा प्रोग्राम असे, आणि त्यात पुढच्या रांगेतली उजवीकडची खुर्ची रविंद्रची. त्या दिवशी सावनेरहून त्याचे सासरे गोपाळराव सगळ्या घरादाराला घेऊन येत. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ते जावयाला "पंखेवाला" म्हणत. त्या एका संध्याकाळी मात्र मांडवात शेजारच्याला कोपर मारून सांगत, "तो उजवीकडचा, तो आमचा जावई."

हीच खुर्ची यंदा जायच्या बेतात होती. बाहेरगावचा एक ऑर्केस्ट्रा सीताबर्डीवर येऊन गेला आणि तेव्हापासून भैय्याजींचे डोके फिरले होते.

"बेंजोचा जमाना गेला बे," भैय्याजी म्हणाले. "आता बास गिटार पाहिजे. व्हायोलिनसारखी दिसते, पण ही एवढी मोठी. आतून पोकळ. वाजवली का कानात नाई, छातीत वाजते."

"कुठी भेटते?"

"नागपुरात? स्वप्नात. मी दोन ठिकाणी पत्र टाकलं. बास भेटली, वाजवणारा भेटला, तं तो तुया खुर्चीवर बसन. तू खाली बस अन् ऐक."

"अन् मीच आणली तं?"

भैय्याजी हसले. "तू आणली तं खुर्ची तुयी. कायमची. पण आणशीन कुठून, पंख्यातून?"

रविंद्रला हा टोमणा वाटला नाही. त्याला ती युक्ती वाटली. पंख्याची तांब्याची तार आणि फुटक्या स्पीकरचे लोहचुंबक यांच्यातून आवाज कसा उचलायचा, हे त्याला कळत होते. प्रश्न होता तो लाकडाचा. आणि रूपाचा, कारण बास गिटार त्याने जन्मात पाहिली नव्हती. ती त्याला फुटाण्याच्या पुडीवर सापडली. कुठल्याशा इंग्रजी मासिकाचे पान होते, त्यावर केस वाढवलेला एक गोरा मुलगा आणि त्याच्या हातात ती. फोटो झकास होता. फक्त फुटाणेवाल्याने पान कमरेत फाडले होते. मुलाच्या कमरेत नव्हे, गिटारीच्या. तिच्या खाली काय होते, ते दुसऱ्या कोणाच्या तरी फुटाण्याबरोबर गेले होते.

लाकडासाठी त्याने धोंडबा सुताराला गाठले. धोंडबाचा हंगाम जोरात होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा. त्यासाठी धोंडबा लाकडी बैल करत असे. श्रावणात त्याच्या हाताला बैलाशिवाय दुसरे काही सुचतच नसे.

"कितीचा करू? दोन हाताचा?" फोटो पाहून त्याने विचारले.

"बैल नाई, धोंडबा. गिटार हाये."

"हाव गा, समजलं. मान लांब ठेवू, पोट पोकळ. चाकं चारच लावू नं?"

"चाकं कायले?"

"ओढाले सोपं जाते," धोंडबा म्हणाला. चाके नकोत हे त्याला पटवायला अर्धा तास गेला, आणि तेव्हाही त्याचा चेहरा असा होता, की हे पोट्टे पुढे पस्तावेल.

काम रविंद्रच्या दुकानातच, मागच्या कोपऱ्यात सुरू झाले. घराबाहेर कोणाला सांगायचे नाही असे ठरले. भैय्याजींना आधी कळले, तर ते रोज येऊन नावे ठेवतील. त्यापेक्षा पुरी तयार करून एकदम पुढे ठेवायची. म्हणून काम थांबले की तिच्यावर प्रेमिलाचे जुने पांढरे लुगडे टाकले जाई. (लुगडेही पाटीवरच्या यादीत चढले.) बाजेच्या पायाची मान झाली. चहाच्या पेटीचे पातळ प्लायवूड पाण्यात भिजवून, वाकवून, वरचा घेर झाला. मग धोंडबाने फोटो उलटून पाहिला आणि हात टेकले.

"खाली काय हाये, मले काय ठाऊक? अंदाजानं नाई करत मी. बैलही करतो तं बैल पाहून करतो. कोणाचं तरी दाखव."

रविंद्र दुकानाबाहेर पाहू लागला. समोर महादेवरावांचे कंट्रोलचे दुकान होते, म्हणजे रेशन कार्डावर साखर आणि मातीचे तेल (रॉकेल) देणारे. महादेवराव पायरीवर उभे होते. मान बारीक आणि लांब, वर कंठमणी. छाती बेताची. मध्ये पट्टा, इतका आवळलेला की पोटाचे सरळ दोन भाग पडावेत. आणि पट्ट्याखाली, सगळ्या वळणांना मागे टाकणारा तो खालचा घेर.

धोंडबाची नजरही तिकडेच गेली. रविंद्रने फोटो समोर धरला, एक डोळा मिटला आणि फाटलेली कड महादेवरावांच्या पट्ट्याला लावली.

"जुळते," तो म्हणाला.

"मंग काढू महादेवराव?"

"काढ. हुबेहूब काढ. पण कोणाले बोलू नोको."

नेमक्या याच वेळी इंदूबाई पंखा न्यायला दारात आल्या होत्या. त्यांनी हे तीन वाक्यांचे संभाषण पूर्ण ऐकले, लुगड्याखालचा उंचवटा पाहिला, आणि पोळ्याला किती दिवस उरले ते बोटांवर मोजले. सतरा. मग त्या पंखा न घेता परतल्या. आज पहिल्यांदाच त्यांच्याजवळ त्यापेक्षा मोठे काहीतरी होते.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा, आणि मारबतीबरोबर बडगे. गावाला वर्षभर ज्याने छळले असेल, त्याचा कागदा-कामट्यांचा पुतळा म्हणजे बडग्या. त्याला चपलांची माळ घालतात, वाजतगाजत फिरवतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. आधल्या वर्षी या मोहल्ल्याने एका दूधवाल्याचा काढला होता, हातात नळाची तोटी देऊन. दूधवाला नातेवाइकांकडे गेला तो महिनाभराने मिशा उतरवून परत आला, तरी ओळखू आला. त्यामुळे "यंदा कोणाचा?" हा प्रश्न श्रावणात मोहल्ल्यात फिरतच होता. इंदूबाईंनी त्याचे उत्तर दिवेलागणीच्या आत चाळीस घरांत पोचवले. एकेचाळिसावे घर महादेवरावांचे होते. तिथे त्या स्वतः गेल्या नाहीत, त्या घरच्या मोलकरणीला सांगितले.

महादेवरावांना आपण बडग्यासारखे आहोत असे कधी वाटले नव्हते. ते पंधरा वर्षे गणेश मंडळाचे अध्यक्ष होते. साखर तोलताना त्यांचा अंगठा पारड्याला टेकायचा, एवढेच. आणि तो इतकी वर्षे टेकत होता, की त्यांना तो तराजूचाच भाग वाटत असावा. प्रेमिलाच्या साखरेच्या डब्यावर आतून एक रेघ होती. कार्डाची पूर्ण साखर आली तर ती रेघेला लागायला हवी. लग्न होऊन आल्यापासून साखर रेघेच्या दोन बोटे खाली होती.

दुसऱ्या दिवशी ती रेघेला लागली.

प्रेमिलाने डबा आपटून पाहिला. साखर बसली, पण रेघ सोडीना. शेजारी विचारले, तिथेही तेच. कारणही तिथेच कळले; लुगड्याखाली गिटार आहे, हे तिने कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी महिन्याचा कोटा संपलेला असताना मातीचे तेल मिळाले, तेही न मागता. आणि महादेवराव, जे आजवर "का बे रविंद्र" म्हणत, ते सकाळी "का हो रविंद्र", दुपारी "रविंद्रभाऊ" आणि चौथ्या दिवशी "रविंद्रजी" म्हणू लागले. रविंद्रने याचा अर्थ असा लावला, की गिटारीची बातमी फुटली असून लोकांना कलेची कदर आहे.

या समजाला पुष्टी मिळाली ती सायकलीमुळे. बासच्या चार तारांपैकी दोन भंगारात मिळाल्या होत्या. उरलेल्या दोन रविंद्रने आपल्या सायकलीच्या ब्रेकमधून काढल्या. सायकल ब्रेकशिवायही चालते, हे त्याचे म्हणणे खरे होते; प्रश्न चालण्याचा नव्हताच. गल्लीच्या उतारावरून ती निघाली, कंट्रोलच्या रांगेने तिला वाट करून दिली, आणि पुढचे चाक गव्हाच्या दोन पोत्यांमध्ये जाऊन रुतले. रविंद्रचे नाक महादेवरावांच्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर थांबले.

दुसरा कोणी असता तर माफी मागितली असती. रविंद्रला इतक्या जवळून नमुना पाहायला प्रथमच मिळाला होता. तो तसाच वाकून पाहत राहिला आणि पुटपुटला, "घेर आमचा कमी पडून राहिला गा."

रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

महादेवराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "रविंद्रजी, थोडा लहानच नाई का ठेवता येणार?"

"घेर? नाई हो. लहान केला तं आवाज नाई निघणार."

"आवाजही निघते?"

"मंग! त्याच्याचसाठी तं पोकळ ठेवला."

महादेवरावांनी तराजूच्या साखळीचा आधार घेतला. "अन्... बाहेर कवा काढता?"

"मारबतीच्या दिवशी," रविंद्र सायकल उपसत म्हणाला. "सगळ्यायसमोर." त्या दुपारी भैय्याजींची तालीम होती, म्हणून.

यानंतर मोहल्ल्याची माणसे एकेक करून रविंद्रला भेटून गेली. कोणी भजी आणली, कोणी नुसतीच पाठ थोपटली. सगळ्यांचे म्हणणे एकच, घाई नको.

"आरामानं करा, भाऊ," इंदूबाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत चालू द्या. मी तं म्हणते, पुरं करूच नोका."

"नाई काकी, गणपतीच्या आत झालीच पाहिजे. माई इज्जत हाये त्याच्यात."

"तुमची इज्जत," इंदूबाई म्हणाल्या, "अन् आमची साखर." रविंद्रला हे पुढचे कळले नाही; पण घरोघर गोड होत असल्याचा आनंद तिथे दिसत होता, आणि तो त्याने स्वतःकडे घेतला.

मारबतीच्या दिवशी पावसाने उघडीप दिली. आधल्या रात्री शेवटचा पॉलिशचा हात बसला होता. तो वाळावा म्हणून रविंद्रने सकाळीच गिटार दुकानाच्या दारात बांबूला टांगली, आणि धूळ नको म्हणून वर लुगडे सोडले. लांबून ढोल ऐकू येऊ लागले, "घेऊन जा गेऽऽ मारबत" अशा आरोळ्या उठल्या, आणि बघता बघता दुकानापुढे शंभर माणसे झाली. पोट्ट्यांनी चपलांची माळ आणली होती. इंदूबाईंनी आपली तुटकी चप्पल तिच्यात स्वतः ओवली होती, पण आता त्याच अडवत होत्या.

"नेऊ नोका रे! जाळला का मंग काय राहते? उद्यापासून पुन्हा दोन बोटं खाली!"

"अवं काकी, बडग्या काय लोणच्यात घालते का? तो जाळाच लागते!"

"एक वर्ष टांगून ठेवा म्हणते मी!"

"कोणता बडग्या?" रविंद्रने विचारले. कोणी लक्ष दिले नाही.

एवढ्यात गर्दी फाकली आणि महादेवराव आले. त्यांनी कंट्रोल बंद केले होते, कपाळाला गुलाल लावला होता आणि टोपी हातात घेतली होती. लुगड्याआडून दिसणाऱ्या आकाराकडे त्यांनी एकदा पाहिले. मान, छाती, पट्टा, घेर. मग त्यांनी रविंद्रपुढे हात जोडले.

"चुकलं मायं, भाऊ. चारचौघात सांगतो. अंगठा टेकत होता. साखरेत दोन बोटं, गव्हात मूठभर, अन् तेलात..." इथे ते थांबले, पण पुढे बायांनीच "अर्धी बाटली" म्हणून पुरे केले. "हाव, अर्धी बाटली. पण चपला नोका घालू. माया भाची चारुशीलाले पाहाले पाहुणे याचे हायेत दिवाळीत."

ढोलवाला थांबला.

"महादेवराव," रविंद्र म्हणाला, "तुमी हे मले काहून सांगून राहिले?" आणि त्याने लुगडे ओढले.

मऊ तांबूस पॉलिश उन्हात चमकले. छत्रीच्या काड्या चांदीसारख्या दिसत होत्या. चार तारा, दोन गोल बटणे.

"हे काय हाये?" महादेवराव म्हणाले.

"बास गिटार."

"बडग्या?"

"बडग्या कायचा? भैय्याजीच्या पार्टीसाठी केली. गणपतीत वाजवाची हाये."

महादेवरावांच्या चेहऱ्यावर सुटका, संताप आणि नुकताच दिलेला कबुलीजबाब अशा तीन गोष्टी एकामागून एक आल्या. तिसरी तिथेच राहिली. त्यांनी हळूच टोपी डोक्यावर घातली. "भैताड! गिटार हाये तं गिटार हाये म्हणून सांगाचं! मी उगाच..." ते इंदूबाईंकडे वळले. "अन् तुमी, बाई, घरोघर—"

पण शंभर माणसांच्या नजरा एकदा गिटारीकडे आणि एकदा महादेवरावांकडे जात होत्या. ते गिटारीशेजारी, तिच्यासारखेच गर्दीकडे तोंड करून उभे होते. मागून कोणीतरी म्हणाले, "पण हे तं महादेवरावच हायेत गा!"

"हायेतच," धोंडबा पुढे येऊन अभिमानाने म्हणाला. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता. "खालचा घेर यायचाच घेतला. फोटो फाटला होता नं."

हसण्याची पहिली लाट ओसरायच्या आत भैय्याजी पोचले. त्यांनी गिटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पोटावर बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाले, "दिसते तं बरी. वाजते का?"

रविंद्रने दुकानातला जुना रेडिओ उंबऱ्यावर आणला. ग्रामोफोनसाठी असलेल्या भोकात त्याने वायरची पिन खुपसली आणि गिटार गळ्यात घातली. श्रावणभर त्याने ही तार मनात ऐकली होती. त्याने सगळ्यात जाड तार अंगठ्याने ओढून सोडली.

"हूंऽऽऽप."

खोल, गोल, पोटातून आलेला. दुकानाची पत्र्याची पाटी किंचित थरथरली. भैय्याजींचा हात आपोआप छातीवर गेला. रविंद्रचे डोळे भरून आले. हाच तो आवाज, कानात न वाजणारा.

आणि गल्लीला हसू आवरेना. तो आवाज सगळ्यांना ठाऊक होता. रोज दुपारी दीड वाजता, जेवण झाल्यावर, कंट्रोलच्या पायरीवर उभे राहून महादेवराव नेमकी अशीच ढेकर देत. बाया त्या ढेकरेवर नळाची वेळ धरत.

"पुन्हा वाजव," कोणीतरी ओरडले.

"हूंऽऽऽप."

महादेवराव हसले नाहीत. ते पुढचा हिशेब पाहत होते. तीन दिवसांवर गणपती. मंडप त्यांचा, पाटीवर अध्यक्ष म्हणून नाव त्यांचे, खाली चार हजार माणसे. आणि वर पुढच्या रांगेत हा, त्यांना आडवे मांडीवर घेऊन, त्यांच्या पोटावर बोटे मारत बसणार. दोन तास. आणि प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला ती ढेकर. त्यांनी भैय्याजींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला घेतले.

"बेंजो कोण वाजवते तुमच्यात?"

"हाच वाजवत होता. पण बेंजो आता बंद केला आपण, जमाना—"

"चालू करा."

"आँ?"

"बेंजो चालू. पुढची रांग, उजवीकडची खुर्ची, रविंद्र. यंदा अन् दर साली. मी अध्यक्ष हावो तोवर."

"अन् बास?"

"बास माया मांडवात आली," महादेवराव म्हणाले, "तं तुमची पार्टी माया मांडवात नाई."

भैय्याजींनी छातीवरचा हात काढला. त्यांना बास आवडली होती. पण मांडव त्याहून जास्त आवडत होता.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी रविंद्र आपल्या खुर्चीवर बसला आणि त्याने बाराव्या वर्षी बेंजो वाजवला. गोपाळरावांनी सावनेरहून येऊन शेजारच्याला कोपर मारले. बास गिटार इतकी चांगली करायची की ती वाजवायचीच नाही म्हणून खुर्ची मिळावी, हे रविंद्रला काही केल्या हिशेबात बसवता येईना. पण खुर्ची होती. गिटार दुकानाच्या भिंतीवर टांगली गेली. दुपारी गिऱ्हाईक नसले की तो फळी अर्धी लावून ती खाली काढी आणि हळू वाजवी. रस्त्याने जाणारे आत डोकावून सांगत, "भाऊ, कोणती तरी मोटार घुमून राहिली."

आश्विनात प्रेमिलाच्या डब्यातली साखर रेघेच्या एक बोट खाली आली. ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात साखर सुटायच्या दिवशी तिने गिटार भिंतीवरून काढली, दारातल्या बांबूला टांगली, आणि घेर कंट्रोलकडे वळवला.

"काहून वं?" रविंद्रने विचारले.

"ऊन दाखवून राहिले. जोडाचा सरस ओला होते म्हणून तुमीच म्हणत होते."

समोर महादेवरावांनी मान वर करून पाहिले आणि पारड्यावरचा अंगठा काढून खिशात ठेवला. त्यानंतर दर महिन्याला, साखर आली की गिटारीला ऊन लागू लागले. सगळ्या मोहल्ल्याला तिच्या तब्येतीची काळजी. एखाद वेळी उशीर झाला, तर इंदूबाई येऊन विचारत, "आज बाहेर नाई काढली? सर्दीबिर्दी होईन तिले." त्यांचा पंखा अजून तिथेच होता.

पुढच्या श्रावणात मात्र साखर सुटायच्या दिवशीच पावसाने झोडपायला सुरुवात केली. गल्लीतून गुडघाभर पाणी वाहत होते. रविंद्रच्या दारातला बांबू रिकामा होता. महादेवरावांनी तो दोनदा पाहून खात्री केली, बऱ्याच महिन्यांनी मोकळा श्वास घेतला, आणि अंगठा खिशातून बाहेर काढला.

तेवढ्यात रांगेत हालचाल झाली. प्रेमिला येत होती. एका काखेत पिशवी आणि कार्ड, दुसऱ्या हातात उभी धरलेली गिटार, आणि पहिल्या हाताने गिटारीवर धरलेली नवी कोरी छत्री. यादीतली भरून द्यायची राहिलेली ती शेवटची वस्तू रविंद्रने कालच आणून दिली होती. गिटारीवर थेंब नव्हता. प्रेमिला नखशिखांत निथळत होती.

तिने गिटार तराजूसमोर पायरीवर टेकवली आणि छत्री तिच्यावर नीट धरली. दोन घेर समोरासमोर आले.

"बाई, भिजून राहिल्या तुमी," महादेवराव क्षीण आवाजात म्हणाले. "छत्री स्वतःवर घ्या."

"भिजू द्या," प्रेमिला म्हणाली. "तुमी तोला."